बारा गुंठ्यांचा करार: भीमाकाठची एक विहीर आणि एक गॅसलाइन

थोरल्या मामांचा फोन आला तेव्हा मी हडपसरला एका सोसायटीची हद्द मोजत होतो. पलीकडून आधी ट्रेलरची घरघर ऐकू आली, मग मामा. "नदीच्या कडंला बोरचं भलं मोठं मशीन आणून टाकलंय. पोरं म्हणत्यात गॅस लागला. आपल्या विहिरीपास्नं ते किती लांब पायजे, तेवढं सांग."

गॅस लागलेला नव्हता. लागणारही नव्हता. पुणे जिल्ह्याखाली सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा कातळ आहे, थरावर थर. वायू तयार व्हायला गाळाचे खडक लागतात. कोयनेच्या परिसरात शास्त्रज्ञांनी भूकंपाच्या अभ्यासासाठी तीन किलोमीटर खोल भोक पाडलं, तेव्हा बेसाल्ट संपल्यावर थेट ग्रॅनाइट लागला, मध्ये गाळाचा थर नाहीच. आपल्याकडचा गॅस समुद्रातून येतो (मुंबई हायचा शोध १९७४चा), नाहीतर जहाजातून द्रवरूपात दाभोळ-दहेजला उतरतो आणि तिथून पाइपातून पुढे जातो. मामांच्या शेतातून जायचा होता तो हा पाइप. ते यंत्र भीमेच्या पात्राखालून आडवं भोक पाडणारं होतं.

पण मामेभावाने मोबाइलवर अमेरिकेतले व्हिडिओ पाहून ठेवले होते. पेनसिल्व्हेनियात शेताखाली गॅस निघाला की शेतकऱ्याला रॉयल्टी मिळते, हे त्याचं खरंच होतं. त्या राज्यात किमान एक अष्टमांश रॉयल्टी जमीनमालकाला द्यावी असा १९७९चा कायदाच आहे. तिकडे जमिनीखालचा वायूही खासगी मालकीचा असू शकतो. आपल्याकडे सातबारावर नाव असलं तरी जमिनीखालचं तेल आणि वायू सरकारचं. त्यामुळे उद्या चमत्कार होऊन विहिरीत गॅस लागला असता तरी मामांना रॉयल्टीचा रुपया मिळाला नसता. हे सांगितल्यावर मामेभाऊ हिरमुसला आणि मामा मात्र हसले. म्हणाले, "मग विहिरीचं बोल."

हे प्रकरण त्या विहिरीचं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत आणि हिशेब कळावा म्हणून आकडे सोपे केलेत. मी व्यवसायाने सर्व्हेयर. या जमिनीत माझ्या आईचा चौथा हिस्सा, त्यामुळे मी तटस्थ आहे असं समजू नका.

जागा

खेड तालुका, राजगुरुनगरपासून अर्ध्या तासावर. दोन हेक्टर दहा आरचा गट, खालचं टोक नदीकडे. वर अडीच फूट काळी, तिच्याखाली मुरूम, मुरमाखाली मांजऱ्या खडक. हा मांजऱ्या महत्त्वाचा, कारण आपल्याकडच्या विहिरींना पाणी मुरमातून आणि या भेगाळ, छिद्रांच्या खडकातून येतं. खालच्या काळ्या पाषाणात भेग असली तर असली. आजोबांनी ७२च्या दुष्काळानंतर खोदलेली अडतीस फुटी बांधीव विहीर, वर्षभर टिकणारी. बांधावर अकरा आंबे. वरच्या अंगाला रस्त्याला लागून पाऊण एकर मोकळं ठेवलेलं, मामेभावाच्या घरासाठी. तो चाकणला कंपनीत आहे, लग्न झालंय, जुन्या घरात माणसं मावत नाहीत.

लाइन गटातून तिरकी गेली. घराच्या जागेचा कोपरा तोडून, आंब्यांच्या रांगेतून, विहिरीपासून चार मीटरवरून, नदीकडे.

कालनिर्णयच्या मागे

पहिल्या भेटीत मी मामींना विचारलं, काही कागद आला होता का. त्यांनी भिंतीवरचं कालनिर्णय उचललं आणि मागच्या खिळ्याला अडकवलेला घडीचा कागद काढला. चौदा महिने जुना. कोतवालाने आणून दिलेला. वर आजोबांचं नाव. आजोबा जाऊन नऊ वर्षं झाली होती. वारसनोंद केलेली नव्हती, कारण ती करायची म्हटली की चार भावंडांनी एकत्र बसायचं आणि एकत्र बसलं की वाटणीचा विषय निघणार. सगळ्यांनीच तो टाळला. माझ्या आईनेही.

"मेलेल्या माणसाला नोटीस आली, तिला काय उत्तर द्यायचं?" असं मामींचं म्हणणं. त्यांचं चुकलं असं मला म्हणवत नाही. कागद इंग्रजाळलेल्या मराठीत होता. 'वापराचा हक्क संपादन' म्हणजे जमीन जाणार की राहणार, हे त्यावरून मला तरी एका वाचनात कळलं नसतं.

कायदा १९६२चा आहे, पेट्रोलियम आणि खनिज पाइपलाइनचा. त्याच्या कलम ३ खाली आधी अधिसूचना निघते की या या गटांखालून लाइन न्यायचा विचार आहे. ती लोकांना उपलब्ध झाल्यापासून एकवीस दिवसांत हरकत घेता येते, कलम ५. सक्षम प्राधिकारी, म्हणजे केंद्राने या कामासाठी नेमलेला अधिकारी, सुनावणी देतो. तिथे स्वतः बोलता येतं, वकील देता येतो. मग कलम ६ची घोषणा होते आणि लाइन जिथून जाणार त्या जमिनीच्या पट्ट्यापुरता वापराचा हक्क सरकारकडे, तिथून कंपनीकडे जातो. लाइन इकडे सरकवा, विहीर वाचवा, बांधाबांधाने न्या, हे सगळं बोलायची जागा ते एकवीस दिवस. आमचे ते कालनिर्णयच्या मागे गेले.

शेजारच्या गटवाल्याने हरकत घेतली होती. त्याच्या गोठ्यापासून लाइन थोडी लांब गेली. सरकली ती आमच्या विहिरीच्या बाजूला.

मी गेलो तोवर घोषणा होऊन गेली होती. पट्ट्याच्या दोन्ही कडांना लाल फडकी बांधलेल्या खुंट्या. रुंदी अठरा मीटर.

अठरा मीटर म्हणजे काय

गावात दोन टोकाची मतं होती. एक, "जमीन गेली". दोन, "काही जात नाही, पाइप पुरून वरून पेरायचं". दोन्ही अर्धी खरी.

मालकी जात नाही, सातबारावर नाव राहतं, फक्त इतर हक्कांत नोंद चढते. पट्ट्यात आधी करत होतो ती शेती करता येते. कायद्याने पाइप जमिनीपासून एक मीटरपेक्षा वर घालता येत नाही, तेव्हा नांगर काय, सरी काय, कशालाच अडचण नाही. राहतं घर, पक्कं बांधकाम आणि घराला लागून असलेलं आवार यांच्याखालून लाइन नेताच येत नाही. पण हे संरक्षण अधिसूचनेच्या दिवशी जे उभं होतं त्याला. मामेभावाचं घर कागदावर होतं, जोत्यावर नव्हतं.

आणि कलम ९. पट्ट्यात इमारत नाही, विहीर-तळं खोदायचं नाही, झाड लावायचं नाही. कायमचं. शेततळ्यासाठी मामांनी जी जागा आखून ठेवली होती तिचा दोन तृतीयांश भाग पट्ट्यात. आंबे तोडले त्यांचे पैसे मिळतात, पण त्या जागी पुन्हा आंबा लावता येत नाही. म्हणजे आज जे आहे त्याची भरपाई आणि उद्या जे झालं असतं त्याला मनाई. शेतकरी माणूस पिकापेक्षा उद्याच्याच भरवशावर जमीन धरून असतो. चाकणच्या आसपास तर जास्तच.

भरपाईचं सूत्र साधं आहे. एक, नुकसान: पीक, झाडं, बांध, पाइप. दोन, वापराच्या हक्काबद्दल पट्ट्याच्या बाजारभावाच्या दहा टक्के, तोही अधिसूचनेच्या दिवशीचा बाजारभाव. हे दहा टक्के म्हणजे थट्टा आहे असं म्हणत गुजरातमधले शेतकरी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते. २०१६ मध्ये न्यायालयाने कायदा वैध ठरवला. तेव्हा दहाचे वीस होतील या आशेवर कुणी बसू नये. भांडण करायचंच तर दहा टक्के कशाचे, यावर करावं.

पंचनामा, पहिला आणि दुसरा

मी जायच्या आधी एक पंचनामा झालेला होता. कंपनीचा माणूस, सर्कल (मंडळ अधिकारी), भाऊसाहेब (तलाठी) आणि पंच म्हणून गावातले दोघं. धाकट्या मामांनी सही केली होती, कारण खालचं रान तेच कसतात. त्यात लिहिलं होतं: पीक कांदा. बस. अकरा आंब्यांपैकी सहा पट्ट्यात येत होते, त्यांचा उल्लेख नाही. नदीवरून येणारी चार इंची पीव्हीसी लाइन, जिच्यावर आमच्यासह वरच्या पाच जणांची शेती भिजते, तिचा उल्लेख नाही. ठिबकच्या नळ्या नाहीत. मोटारीची केबल नाही.

"मामा, सही का केली?"

"अरे, भाऊसाहेब म्हनले नंतर बाकीचं घालू."

भाऊसाहेबांनी फसवलं असं मला वाटत नाही. त्या दिवशी त्यांना चौदा गट उरकायचे होते आणि ऊन मी म्हणत होतं. पण पुढे पैशाचा हिशेब होतो तो या कागदावरून, आणि 'नंतर' हा रकाना त्यात नसतो.

आम्ही फेरपंचनाम्याचा अर्ज दिला आणि तो होईपर्यंत आमचं आम्ही मोजून ठेवलं. एक अख्खा रविवार गेला. मी टेप धरली, मामेभावाने दुसरं टोक, मामा झाडाला हात लावून उभे राहायचे आणि मामेभावाची बायको फोटो काढायची. बुंध्याचा घेर छातीच्या उंचीला. झाडाला फळ केव्हा धरलं, कुठल्या जातीचं. पाचव्या आंब्याशी मामा जरा जास्त वेळ थांबले. ते झाड आजीने कोयीपासून केलेलं. मी घेर लिहून घेतला, एक मीटर नव्वद, आणि पुढच्याकडे वळलो, कारण तिथे बोलण्यासारखं काही नव्हतं.

मग दोन गोष्टी केल्या ज्या मला तेव्हा अतिरेकी वाटल्या होत्या. पट्ट्यात एक तीन फुटी खड्डा घेऊन काळीची जाडी टेप लावून फोटोत धरली. आणि विहिरीत दोरीने पाण्याची पातळी मोजली, दोन बाटल्या पाणी भरून घेतलं. एक बाटली पुण्याला प्रयोगशाळेत तपासायला दिली. दुसरीवर तारीख चिकटवून, सरपंचांची सही घेऊन, मामींनी ती देवघराच्या फळीवर ठेवली. "तीर्थ म्हणून कुणी पिऊ नका," एवढंच त्या म्हणाल्या.

बारा गुंठे

इथे प्रकरणाला कलाटणी मिळाली, आणि ती कायद्यातून नव्हे, यंत्राच्या आकारातून.

उघड्या रानात पोकलेन चर खणतो, पाइप जोडून खाली सोडतात, माती लोटतात. नदीला आणि राज्यमार्गाला तसं करता येत नाही. तिथे एका काठावर यंत्र लावून आडवं ड्रिलिंग करतात. आधी लहान भोक पात्राखालून पलीकडे, मग ते भोक टप्प्याटप्प्याने रुंद करत आणायचं, शेवटी पलीकडून जोडलेला सगळा पाइप एका दमात ओढून घ्यायचा. या काळात भोक ढासळू नये आणि कापलेला दगड बाहेर यावा म्हणून बेंटोनाइट नावाच्या मातीचा रबडा सतत आत पंप करतात. यंत्र, जनरेटर, रबड्याचे खड्डे, टँकर, मजुरांचे डबे. एवढं लटांबर अठरा मीटरच्या पट्ट्यात मावत नाही. कंपनीला पट्ट्याबाहेर तीस बाय चाळीस मीटरची जागा हवी होती. म्हणजे बारा गुंठे. दोन महिन्यांसाठी.

आणि या बारा गुंठ्यांवर कंपनीचा कायद्याने काहीएक हक्क नव्हता. अधिसूचना पट्ट्याची होती. बाकी जागा मालकाच्या मर्जीने, भाड्याने.

धाकट्या मामांनी पंधरा हजारांवर होकार देऊन टाकला होता. तोंडी. मुकादम ओळखीचा निघाला, चहा झाला, "दोन महिन्यांचं काय ते" झालं. यंत्र उतरलं ते याच होकारावर. मामांचा मला आलेला तो पहिला फोन त्याच दिवशीचा.

आमच्यात वाद झाला. धाकटे मामा म्हणाले, शब्द दिला. मी म्हणालो, शब्द तुम्ही एकट्याने दिला, जमीन चौघांची आहे. हे बोलायला नको होतं. नऊ वर्षं टाळलेला विषय मीच चुलीजवळ आणून ठेवला. दोन दिवस कुणी कुणाशी बोललं नाही. मग आईने धाकट्या भावाला फोन केला. काय बोलली ते मला माहीत नाही. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "लिहून काय घ्यायचं ते घे. पैसे वाढवून मागू नको, मला तोंड दाखवायचंय."

मी पैसे वाढवून मागितले नाहीत. याचा मला आजही पश्चात्ताप नाही, कारण पैशात त्यांची तयारी असते. इंजिनिअरच्या खिशात त्यासाठी तरतूद असते. आम्ही अटी मागितल्या. काळी माती आधी वेगळी काढून ताडपत्रीवर रचायची, खालचा मुरूम वेगळा, भरताना आधी मुरूम मग काळी, पट्ट्यातसुद्धा. रबड्याच्या खड्ड्याला आतून प्लास्टिकचं अस्तर. काम संपल्यावर रबडा टँकरने उचलून न्यायचा, शेतात जिरवायचा नाही. पीव्हीसी लाइन तोडायच्या आदल्या दिवशी पर्यायी लाइन चालू करून द्यायची. चर खणताना पाइप पट्ट्याच्या मधोमध न घालता विहिरीपासून लांबच्या कडेला. आणि ड्रिलिंग सुरू झाल्यापासून काम संपल्यावर सहा महिन्यांपर्यंत विहिरीच्या पाण्याचा रंग, पातळी, चव बदलली तर कारण सिद्ध करायची जबाबदारी कंपनीची, आणि तोवर जनावरांना व घराला टँकर.

शेवटच्या अटीवर साइट इंजिनिअर अडला. तरुण मुलगा, विदर्भातला, स्वभावाने सरळ. म्हणाला, "सर, हे वरून पास होणार नाही." मी म्हणालो, मग यंत्र शेजाऱ्याच्या गोठ्यापुढे लावा. तिथे उतार होता आणि त्याने हरकत घेतलेली होती, हे दोघांनाही माहीत होतं. चार दिवसांनी अट पास झाली. यंत्र उभं राहण्याचं भाडं कंपनीला दिवसागणिक पडतं, हे मला त्या चार दिवसांत नीट समजलं.

स्टॅम्पपेपरवर करार झाला, चौघा भावंडांच्या सह्यांनी. नऊ वर्षांत पहिल्यांदा चौघं एका कागदावर आले. त्याच आठवड्यात वारसनोंदीचा अर्जही दिला.

पांढरं पाणी

ड्रिलिंग रात्रंदिवस चाललं. गाई बिचकायच्या, दूध आटलं असं मामींचं म्हणणं, आणि पोरं रात्री खाटा टाकून यंत्राचे दिवे बघत बसायची.

सहाव्या दिवशी सकाळी मामेभावाने व्हिडिओ पाठवला. विहिरीच्या पूर्वेच्या अंगाला, तळापासून आठ-दहा फुटांवर, जिथून मोठा झरा यायचा तिथून पाणी येत होतं, पण ताकासारखं. हळूहळू, ओघळत. खालच्या हिरव्या पाण्यात ते पसरत जायचं आणि त्याची कड अगदी स्पष्ट दिसायची. दुपारपर्यंत अख्खी विहीर राखाडी झाली. बादली वर काढून ठेवली तर तळाला बोटभर साका, हाताला साबणासारखा बुळबुळीत.

बेंटोनाइट ही माती आहे. विष नाही. पण ती पाण्यात फुगते आणि भेगा बुजवते, ड्रिलिंगवाले ती वापरतात ती याचसाठी. आमचा मांजऱ्या भेगाळ, भोक त्याच्यातून चाललेलं, दाबाखालचा रबडा वाट मिळेल तिकडे गेला. रंग चार दिवसांत निवळला असता. मला भीती झऱ्याची होती. झरे लिंपले गेले की विहीर म्हणजे नुसता हौद.

ठेकेदाराचा सुपरवायझर आला, काठावरून डोकावला. म्हणाला, "वरती पाऊस झालाय, गढूळ पाणी येतंच." पाऊस झाला होता हे खरं. मामी आत गेल्या आणि फळीवरची बाटली घेऊन आल्या. एक शब्द न बोलता त्यांनी ती बादलीशेजारी ठेवली. एकात पलीकडचा माणूस दिसत होता, दुसऱ्यात बोटही नाही. सुपरवायझरने दोन्हींचा फोटो काढला आणि कुणाला तरी पाठवला.

करार नसता तर पुढचा महिना पावसाने झालं की मशीनने झालं यावर गेला असता, आणि सिद्ध करायचं ओझं आमच्यावर असतं. तसं झालं नाही. त्याच संध्याकाळी टँकर आला. ड्रिलिंग दोन दिवस थांबलं, रबड्याचा दाब कमी केला. काम संपल्यावर कंपनीच्या खर्चाने विहीर पूर्ण उपसली, गाळ काढला, झऱ्याची तोंडं पहारीने मोकळी केली, पुन्हा भरू दिली, पुन्हा उपसली. असं तीनदा. पूर्वेचा झरा पूर्वीइतका आला नाही. पश्चिमेचा आला. पातळी आता उन्हाळ्यात आधीपेक्षा तीन-साडेतीन फूट खाली राहते. त्याचे वेगळे पैसे नुकसानीत धरले गेले. पुरेसे होते का? झऱ्याला काय भाव लावणार?

चेक

पट्ट्याची लांबी आमच्या गटात एकशे चाळीस मीटर. गुणिले अठरा, म्हणजे दोन हजार पाचशे वीस चौरस मीटर, जवळजवळ पंचवीस गुंठे. सरकारी दर हेक्टरी चाळीस लाख धरला तर पट्ट्याची किंमत दहा लाख आठ हजार. दहा टक्के, एक लाख आठशे. चार हिस्से, पंचवीस हजार दोनशे.

त्या भागात जमीन गुंठ्याला अडीच लाखांनी विकली जाते, सगळ्यांना माहीत आहे. त्या भावाने पट्टा साडेबासष्ट लाखांचा आणि दहा टक्के सव्वासहा लाख. मग पुरावा द्या, म्हणाले सक्षम प्राधिकाऱ्याचे कार्यालय. पुरावा म्हणजे आजूबाजूची खरेदीखतं. आम्ही सात काढली. त्यातल्या सहा खतांवर किंमत सरकारी दराला चिकटलेली, कारण मुद्रांक शुल्क वाचवायला सगळेच तेवढीच लिहितात, उरलेलं रोखीत. त्यातलं एक खत आमच्याच घरचं, आजोबांनी विकलेल्या तुकड्याचं. वाचवलेले ते हजार-दोन हजार असे परत मागायला येतील हे आजोबांना कुठून कळणार.

सातवं खत पुण्यातल्या एका डॉक्टरांचं होतं, बँकेचं कर्ज काढून घेतलेलं. कर्जासाठी खरी किंमत लिहावीच लागते. त्या एका खताच्या जोरावर आम्ही कलम १० खाली जिल्हा न्यायालयात गेलो आहोत. प्राधिकाऱ्याने ठरवलेली रक्कम मान्य नसेल तर ही वाट आहे. चेक स्वीकारताना 'हरकत राखून' असं लिहून घेतलं. अर्ज प्रलंबित आहे.

वाटणीत एक गोष्ट गावात बहुतेकांना माहीत नसते, म्हणून लांबण लावतो. दहा टक्के रक्कम मालकांची, ती चार हिश्शांत गेली. पिकाचे पैसे जो कसतो त्याचे, ते पूर्ण धाकट्या मामांना. आंब्यांवर घोळ झाला. लावले आजीने, राखले थोरल्या मामांनी, उभे धाकट्यांच्या वहितीत. शेवटी मावशीने सुचवलं की आंब्यांचे पैसे विहिरीवर घालावेत, नवी मोटर घ्यावी. तेवढ्यावर सगळे गप्प झाले. माझ्या आईने आणि मावशीने आपापले पंचवीस हजार घेतले. गावात काही जणांनी त्यावरून नाकं मुरडली, बहिणींनी कसे घेतले म्हणून. आईने हक्कसोड दिलेली नाही. द्यावी असं मीही तिला सुचवलेलं नाही.

आत्ता

करार होता तरी काळी सगळीकडे वेगळी रचली गेली नाही. वरच्या चाळीस मीटरमध्ये पोकलेनवाला बदलला, त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्याने काळी-मुरूम एक केलं. आम्ही खड्ड्याचा जुना फोटो दाखवून दोन डंपर काळी मिळवली, ती पुरी पडली नाही. ती जागा आजही वरून ओळखू येते. कांदा दोन्ही बाजूंना हिरवा आणि मध्ये पिवळट पट्टा, पात करंगळीएवढी. धाकट्या मामांनी यंदा तिथे ताग गाडलाय, शेणखत ओततायत. अजून दोन पावसाळे जातील असा त्यांचा अंदाज.

लाइनमध्ये गॅस सोडला त्या दिवशी कंपनीची माणसं सूचनाफलक आणि फोन नंबर देऊन गेली. मी मामींना एवढंच सांगून ठेवलंय की स्वयंपाकाच्या गॅसला येतो तो वास या मोठ्या लाइनला बहुधा नसतो, वास नंतर शहराच्या तोंडाशी मिसळतात. तेव्हा फुसफुस ऐकू आली, साचलेल्या पाण्यात बुडबुडे दिसले, पट्ट्यात एकाएकी गवत वाळलं, तर तिथे काडी ओढू नका, मोटर चालू करू नका, लांब जाऊन फोन करा. २०१४च्या जूनमध्ये आंध्रात पूर्व गोदावरीतल्या नगरम गावात लाइन फुटून वीसहून जास्त माणसं गेली, तेव्हापासून हे सांगताना मला अवघडल्यासारखं होत नाही. मामींनी नंबर कालनिर्णयवर लिहिला. दर जानेवारीत तो नव्या कालनिर्णयवर उतरवायचं काम नातवाकडे आहे.

मामेभावाने घराचा नकाशा फिरवून घेतला, दिंडीदरवाजा आता उत्तरेला. मामांना ते आवडलेलं नाही. आंब्याच्या सहा कोयी मामींनी डब्यांत लावल्यात, पाचव्या झाडाच्या शेवटच्या फळांच्या. गेल्या रविवारी मी गेलो तेव्हा मामा त्यातला एक डबा कडेवर घेऊन बांधावर उभे होते. खुंट्या केव्हाच निघून गेल्यात. "कड नेमकी कुठं येते रं?" म्हणाले. मी गाडीतून टेप काढली.